गाडीतलं गाडीत

लातूरहून अहमदपूरला रोज अप-डाऊन करणाऱ्या माणसाला, तू राहतोस कुठं, असं कुणी विचारू नये. कागदावर तो तालुक्याच्या गावी राहतो, लेकरं लातुरात क्लासला असतात आणि तो स्वतः राहतो गाडीत. मीही अशीच कैक वर्षं गाडीत राहिले. ऑफिस कुठलं होतं ते सांगत नाही. ऑफिसातली भांडणं सगळीकडं सारखीच, पाटी वाचून काय करायचंय?

गाडीत आम्ही तिघं. गाडी भाऊंची. भाऊ म्हणजे आमचे सीनियर क्लार्क. पन्नाशी ओलांडलेले, गोल पोटाचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची गाडी इतकी जुनी, की काच एकदा खाली गेली तर वर आणायला दोन्ही हातांनी ओढावी लागायची. पुढची सीट माझी, कारण मागं बसलं की मला गाडी लागते. मागं धाकटी. तिला मी धाकटी म्हणते, कारण पद आमचं एकच असलं तरी वयानं ती माझ्या धाकट्या बहिणीएवढी. निलंग्याकडची पोरगी, दचकली की "अय्यो" म्हणायची, आणि हसली की सीटवर मागं कलंडायची.

गाडीचा नियम एकच होता, गाडीतलं गाडीत. चाकूरपर्यंत घरचं बोलायचं: सासू, गुडघे, लेकरांचे मार्क. चाकूर मागं पडलं की ऑफिसचं. मग साहेबांची नक्कल, कुणाचं कुणाशी बिनसलं, कोण कुणाचे कान भरून राहिलं. ऑफिसच्या गेटपाशी आलं की तोंडावरून हात फिरवायचा आणि शहाण्या माणसांसारखं उतरायचं. त्या तासा-दीड तासाच्या बडबडीवर आमचा दिवस निघायचा. ती नसती तर मी केव्हाच कुणाच्या तरी डोक्यात पेपरवेट घातला असता.

साहेब आमचे संशयी. सगळा स्टाफ लातूरहून येतो हे त्यांना पक्कं ठाऊक, पण तोंडावर बोलायचे नाहीत. रोज सकाळी भाऊंना फोन करायचे, "कुठवर आलात?" भाऊ गाडी चालवता चालवता "जी साहेब, जी साहेब" करायचे आणि फोन शर्टाच्या खिशात सोडून द्यायचे. फोन ठेवायची आमच्या ऑफिसात एक रीत होती. साहेबांचा फोन आपण कट करायचा नसतो. मोठ्या माणसानं आधी ठेवायचा. कुणी शिकवत नाही, कुठं लिहिलेलं नाही, पण शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे पाळतात. साहेब तिकडं विसरले तर इकडचा माणूस कानाला फोन लावून खांबासारखा उभा राहतो. नवीन लागलेल्या एका पोरानं एकदा आधी कट केला, तर महिनाभर साहेबांनी त्याच्या नमस्काराला मान हलवली नव्हती.

तर त्या वर्षी मार्च लागला आणि खबर आली, की मेमध्ये आमच्या दोघींपैकी एकीला देवणीला पाठवणार. देवणीला जागा रिकामी होती आणि नाव साहेब सुचवणार होते. देवणी काही वाईट गाव नाही, तिथले बैल सगळा मुलूख ओळखतो. पण लातूरहून रोज जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर सकाळी अंधारात निघायचं आणि अंधारातच परत यायचं. माझी लेक बारावीला जाणार होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि मला तिच्या उशाशी बसून ती झालेली बघायची होती. धाकटीचंही कारण होतं. लग्नाला सात-आठ वर्षं होऊन पाळणा हललेला नव्हता, लातूरच्याच एका डॉक्टरीणबाईकडं उपचार चालू होते, आठवड्यातून दोनदा इंजेक्शनं. ऑफिसात ती "आईची तब्येत बरी नाही" एवढंच सांगायची. खरं कारण तिनं फक्त गाडीत सांगितलं होतं, तेही रडत. भाऊंनी तेव्हा आरसा वर फिरवला होता, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

म्हणजे एकच जागा, दोघी जणी आणि दोघींचं लातुरात अडकलेलं. तोंडानं आम्ही म्हणायचो, जे होईल ते होईल. मनात काय चालायचं ते सांगायला नको.

मग एक दिवस मी गाडीत म्हणाले, "साहेब फाईल वाचत न्हाईत, कव्हर वाचतेत." भाऊ हसले, धाकटी तर कलंडलीच. दुसऱ्या दिवशी मी सहीला फाईल घेऊन गेले, तर साहेबांनी चष्मा काढला, फाईल न उघडता हातात धरली आणि म्हणाले, "मॅडम, आम्ही कव्हरच वाचतो बरं का."

हसावं का माफी मागावी ते कळेना. बाहेर आले आणि पहिली नजर गेली धाकटीकडं. ती मान खाली घालून काम करत होती. जरा जास्तच खाली, असं मला वाटलं.

एकदा शक शिरला की तो घरचा होऊन बसतो, पाट मांडून जेवायला लागतो. मी हिशोब केला. भाऊंना काय पडलंय? त्यांची रिटायरमेंट जवळ, त्यांची बदली कुठं होणार? फायदा कुणाला? धाकटीला. साहेबांना माझ्याबद्दल कडू करून ठेवलं की देवणीचं तिकीट माझं. त्यानंतर आणखी दोनदा तसंच झालं. मी गाडीत म्हणाले, की लेकीच्या अकरावीच्या परीक्षेला आठवडाभर रजा टाकणार आहे. मी अर्ज द्यायच्या आधीच साहेब म्हणाले, "रजा-बिजा सध्या नको मॅडम." आणि मी नणंदेच्या घरचं काहीबाही बोलले, तर त्यांनी विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" त्या "ठीक" वर त्यांनी असा जोर दिला, की तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटीही बदलली होती. गाडीत बोलेना. कानात इअरफोनचं ते बोंडुक घालून खिडकीबाहेर बघत बसायची. मी म्हटलं, बघा, मन खातंय हिचं. मी पुढच्या सीटवरून आरशात तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती फोनवर टाईप करायला लागली की माझे कान टवकारायचे. डब्यातली चटणी आम्ही वाटून खायचो, ती मी बंद केली. विचारलं तर सांगायचं, आज आणलीच नाही.

हा संशयीपणा मला वारशात मिळालाय, हेही सांगते. माझे बाबा लातूरशेजारच्या मुरुडकडच्या आमच्या बौद्धवाड्यातून सरकारी नोकरीला लागलेले पहिले. पहिल्या दिवशी त्यांना तुटक्या पायाची खुर्ची दिली होती. ते बसले, पडले आणि सगळं ऑफिस पोट धरून हसलं. तेव्हापासून कुठंही बसायच्या आधी बाबा खुर्ची हलवून बघायचे. लग्नात, दवाखान्यात, माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा. आम्ही भावंडं हसायचो. नोकरीला लागल्यावर मी हसायचं सोडलं. मी आत आले की कधीकधी चालू असलेली बोलणी एकदम थांबायची, कुणाच्या नोकऱ्या कशा लागल्या त्याबद्दलची. मग कुणीतरी म्हणायचं, "या या मॅडम, चहा घेता का?" त्यामुळं माझा शक नेहमीच खोटा निघत नाही, आणि तोच तर घोळ आहे. खोटाच निघत असता तर केव्हाच टाकून दिला असता.

याच दिवसांत आमच्या सगळ्या स्टाफला नांदेडला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय, कामाच्या ठिकाणचा ताणतणाव. हॉलमध्ये एसी होता, जेवणात गुलाबजाम होता, एवढ्यावर आम्ही खूश. पुण्याच्या एक बाई आल्या होत्या, बोलणं अगदी स्वच्छ, इस्त्री केलेलं. त्यांनी विचारलं, "राग आला की तो शरीरात नेमका कुठं जाणवतो?"

भाऊ मागून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं तो साहेबाच्या केबिनमधी जाणवतो." हॉल हसला. साहेब पहिल्या रांगेत होते, तेही हसले. मागं वळून कोण बोललं ते बघून हसले.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बोलायच्या आधी फक्त एवढं करा. आत काय होतंय त्याला नाव द्या. हा राग आहे. ही भीती आहे. हे वाईट वाटणं आहे. मग बोला." मी शेजारणीच्या कानात म्हटलं, एवढी नावं घेत बसलं तर समोरचा जेवून हात धुऊन यील. शेजारीण फिसकन हसली.

पण काय सांगू, ते डोक्यात राहिलं. परतीच्या रस्त्यावर धाकटी मागं डोळे मिटून बसली होती, मी आरशातून तिच्याकडं बघत होते आणि उगी गंमत म्हणून करून बघितलं. मला राग आला की माझे कान तापतात, हे लग्नानंतर नवऱ्यानंच मला सांगितलेलं. म्हणून कानाला हात लावला. कान गार. हात मात्र बर्फासारखे. मार्चच्या शेवटाला, त्या उन्हात, काच खाली असलेल्या गाडीत. म्हणजे हा राग नव्हताच. मला ते अजिबात आवडलं नाही. रागात निदान इज्जत असते, राग आलेल्या बाईला लोक वाट सोडतात. भ्यालेल्या बाईला कोण विचारतं? मी हात मांडीखाली दाबून ठेवले आणि लातूर येईपर्यंत बाहेर बघितलं.

मग एप्रिलचा तो दिवस. धाकटी गाडीत नव्हती. रात्री तिचा मेसेज आला होता, "उद्या रजा, आईची तब्येत." कुठली तब्येत ते मला ठाऊक होतं. चाकूरच्या अलीकडं साहेबांचा रोजचा फोन आला, "जी साहेब, जी साहेब" झालं, फोन खिशात गेला. मी बदलीचंच बोलत होते. बोलता बोलता गाडी एका बाजूला ओढायला लागली, म्हणून भाऊंनी पेट्रोल पंपावर हवा बघायला थांबवली. वाकलं की खिशातून फोन पडतो, म्हणून उतरताना त्यांनी तो काढून माझ्यासमोर डॅशबोर्डवर ठेवला.

स्क्रीन पेटलेली होती. वर लिहिलेलं, साहेब. खाली आकडे पळत होते.

मला आधी समजलंच नाही. वाटलं, नवीन फोन आलाय. मग आकडे बघितले आणि कळलं, की फोन मघाचाच होता. भाऊंनी कट केला नव्हता, कारण साहेबांचा फोन आपण कट करायचा नसतो. आणि साहेबांनीही केला नव्हता. मी श्वास धरून फोनला कान लावला. तिकडं कपबशी वाजली. कुणीतरी घोट घेतला.

अगं बाई! म्हणजे रोज. साहेब क्वार्टरच्या पडवीत चहा पीत आमचा रेडिओ ऐकत बसत होते. माझं कव्हर, माझी रजा, माझी नणंद, सगळं त्या खिशातून जात होतं. आणि धाकटीचं रडणंसुद्धा. त्या क्षणी मला तिचं कानातलं बोंडुक आठवलं. तिलाही साहेबांनी काहीतरी ऐकवलं असणार, जे तिनं फक्त गाडीत सांगितलं होतं. आणि तिनं कुणावर शक घेतला असणार? भाऊंवर? छे. तिच्या बदलीत ज्या बाईचा फायदा, त्या बाईवर. मी तिला आरशात बघत होते आणि ती मला पाठीमागून.

एवढ्यात भाऊ खिडकीशी आले. रुमालानं हात पुसत म्हणाले, "ताई, धाकट्या मॅडम आज बी न्हाईत? आईची तब्येत लईच बिघडली का काय?"

मी फोनकडं बघितलं. आकडे पळत होते. मी भाऊंकडं बघितलं. खरं कारण त्यांनाही गाडीतच कळलेलं, तरी विचारत होते आईचं. ते टायरकडं बघत होते.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. खोटं सांगत नाही, अगदी तयार होतं, वाफाळलेलं. "आईबिई कुठली भाऊ, ती तर दवाखान्यात असती, खोटं सांगून रजा टाकती." एवढंच म्हणायचं. साहेबांना सांगायची गरज नव्हती, कुणाचं नाव कुणी घेतलं नसतं. मी गाडीतच बोलले असते, गाडीतलं गाडीत. आणि मेमध्ये देवणीला धाकटी गेली असती. माझी लेक, तिचं उशाशी ठेवलेलं पुस्तक, पहाटेचा तिचा चहा, सगळं माझ्या हातात राहिलं असतं.

हात परत गार पडले होते. बोटं वळत नव्हती. कान तापलेत का ते मी खरंच हात लावून बघितलं, भाऊंना वाटलं असेल बाईला झालंय काय. कान थंड. मी मनातल्या मनात म्हणाले, ही भीती आहे. देवणीची. धाकटीनं माझं काही वाकडं केलेलं नाही. आणि ते वाक्य पिकलेल्या फोडासारखं दिसलं, आत काय आहे ते स्वच्छ. मला शिसारी आली.

मी बोट पुढं केलं आणि लाल बटण दाबलं.

"ताई!" भाऊ ओरडलेच. "साहेबाचा फोन कट केलात?"

फोन चालू होता का, असं त्यांनी विचारलं नाही. कट केलात, एवढंच विचारलं. ते मला तेव्हाच खटकलं आणि आजही खटकतं. मी म्हणाले, "भाऊ, रोज चालू ऱ्हायचा का?" ते म्हणाले, "मला काय माहीत ताई? खिशात टाकला की टाकला. आपण कधी कट करतो का?" आणि गाडीत बसून त्यांनी चावी फिरवली. कपाळावर घाम होता, पण एप्रिलमध्ये सगळ्यांच्याच कपाळावर असतो. ते चांगले होते की लबाड, हे मला कधीच कळलं नाही. आरसा वर फिरवणारा माणूस तो. पण फोनही त्याच्याच खिशात.

साहेबांनी अकराच्या सुमाराला बोलावलं. फाईल चाळत म्हणाले, "मॅडम, सकाळी रेंज गेली होती का?"

"न्हाई साहेब. मीच कट केला."

त्यांनी वर बघितलं. कान तापले माझे, अगदी लालबुंद झाले असणार. हा मात्र राग होता, पक्का, आणि बरं वाटलं मला त्याला ओळखून. ते एवढंच म्हणाले, "बरं." आणि फाईल उघडून वाचायला लागले, आतली पानं.

आठच दिवसांत ऑर्डर निघाली. देवणीला माझं नाव. घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, अभ्यास मला करायचाय, तुला न्हाई. आता निदान पहाटं चारचारदा उठवणार न्हाईस." मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. पहाटे उठवायचं, हेच तर मला हवं होतं.

धाकटी तो सगळा आठवडा रजेवर होती. परत आली ती बसनं, गाडीला तिनं सोडचिठ्ठीच दिली. माझी ऑर्डर निघाल्याचं तिला कळलं होतं, पण तोंडावर आनंद नव्हता. उलट माझ्याकडं बघण्यात आणखी सावधपणा. ही बया आपली वाट मोकळी करून गुपचूप चाललीय, म्हणजे हिच्या मनात काहीतरी शिजतंय, असंच तिला वाटत असणार. आता आपसात जागा बदलून घेऊ म्हणून ही आपल्या गळ्यात पडेल, असंही. मी तिच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

ऑफिस सुटल्यावर मी तिला स्टँडसमोरच्या रसवंतीवर गाठलं. "बस, रस घेऊ," म्हटलं. ती उभीच राहिली. मी म्हणाले, "तुला साहेबांनी काही ऐकवलं का गं? गाडीत सांगितलेलं?"

तिचे डोळे भरले. म्हणाली, "बाळाबिळाचं बघा आधी, म्हणाले, मग कामाचं. चहा घेऊन आलेल्या शिपायासमोर." आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी ते कधी विसरणार नाही. "ते फक्त तुम्हाला माहीत होतं, ताई."

"मला आणि भाऊंच्या खिशातल्या फोनला," मी म्हणाले. "बस. सगळं सांगते."

चरकाचे घुंगरू वाजत होते. ती बसली नाही. माझ्या हातातल्या पर्सकडं तिनं बोट केलं.

"तुमचा फोन कुठंय?"

मी काढून दिला. तिनं तो उलटसुलट करून बघितला, बटण दाबून धरलं, स्क्रीन काळी झाल्यावरही थोडा वेळ बघत राहिली. मग तो स्वतःच्या पर्समध्ये टाकला, चेन ओढली, खुर्ची पुढं घेतली आणि म्हणाली, "आता सांगा ताई. पहिल्यापासून."